बार्डचा फासा कुणाच्या हातात?

आगोटीचे दिवस आले की किनाऱ्यावर संध्याकाळी बाहेर पडणं कमी होतं आणि डिस्कॉर्डवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची टेबलं भरू लागतात. या अंकात बार्डबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: चारपाच जण आवाजी कॉलवर बसतात, एक जण डीएम म्हणून गोष्ट चालवतो आणि काय घडलं ते वीस बाजूंचा फासा, म्हणजे डी२०, ठरवतो. बार्ड हा गाण्या-बोलण्यातून जादू करणारा. शाहीर आणि डबलबारीतला बुवा एकत्र केला तर साधारण बार्ड तयार होतो.

देवगडहून एक वाचक विचारतात: मी पहिल्या लेव्हलचा बार्ड खेळतोय. दिवसाला इन्स्पिरेशनचे तीन फासे मिळतात, पण रात्री मुक्काम पडतो तेव्हा दोन तसेच उरलेले असतात. ज्यांना देतो तेही वापरायला विसरतात. मग बार्ड घेऊन उपयोग काय?

फासे उरतात, कारण बहुतेक जण ते ‘अडचण आली की देऊ’ म्हणून राखून ठेवतात. इन्स्पिरेशन अडचण यायच्या आधी द्यायची असते. नियम असा: बोनस ॲक्शन (फेरीतल्या मुख्य ॲक्शनशिवायची छोटी कृती) खर्चून ६० फुटांच्या आतल्या, तुमचं ऐकू शकणाऱ्या एका सोबत्याला डी६, म्हणजे सहा बाजूंचा फासा, द्यायचा. पुढच्या दहा मिनिटांत तो सोबती एखाद्या हल्ल्याच्या, सेव्हच्या (संकटातून वाचण्यासाठी टाकायच्या) किंवा कौशल्याच्या फाशात त्याचा आकडा मिळवू शकतो. लढाईची एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे दहा मिनिटांत शंभर फेऱ्या. लढाई सहसा चारपाच फेऱ्यांत संपते. तेव्हा दाराला हात लावायच्या आधीच फासा देऊन टाका. लढाईतली बोनस ॲक्शनही वाचते.

सोबती डी२० टाकून आकडा बघू शकतो आणि मग इन्स्पिरेशन वापरायची की नाही ते ठरवू शकतो. मात्र डीएमनं ‘लागला’ किंवा ‘चुकला’ म्हणायच्या आत. इथे साधं गणित कामाला येतं. एकने कमी पडत असेल तर डी६ हमखास भरून काढतो. दोनने कमी असेल तर सहापैकी पाच वेळा, तीनने कमी असेल तर चार वेळा, चारने तर तीन वेळा. पाचने कमी असेल तर दोनदाच आणि सहाने कमी असेल तर एकदाच. गॉब्लिनचा एसी, म्हणजे त्याला मार लागायला गाठावा लागणारा आकडा, १५ असतो हे दोन फेऱ्यांत टेबलाला कळतं. मग एकूण १३ किंवा १४ आले की फासा वापरावा, १० आले तर ठेवून द्यावा. शत्रूचा एसी कळायच्या आत फासा उडवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

द्यायचा कुणाला? ज्याचा एकच फासा सगळं ठरवणार आहे त्याला. रोग, म्हणजे लपूनछपून वार करणारा चोरटा, फेरीत एकदाच मारतो, पण त्याचा स्नीक अटॅक (बेसावध वार) लागला तर मोठा मारतो. तो चुकला की अख्खी फेरी फुकट. म्हणून पहिला फासा त्याचा. दोनदा मारणाऱ्या फायटरला एक हल्ला चुकला तरी दुसरा असतो. स्वतःला मात्र देता येत नाही, आणि एका सोबत्याकडे एका वेळी एकच फासा राहतो.

विसरण्यावर उपाय खेळाबाहेरचा आहे. रोल२० या ऑनलाइन टेबलाच्या साइटवर नकाशा असेल तर ज्याला फासा दिला त्याच्या टोकनवर (सोंगटीवर) ठळक रंगाची खूण लावा आणि वापरला की काढा. नकाशा नसेल तर डिस्कॉर्डवर त्या सोबत्यानं आपल्या नावापुढे ‘डी६ आहे’ असं लिहावं. तोंडी सांगितलेलं इन्स्पिरेशन निम्म्या वेळा हवेत विरतं. पाचव्या लेव्हलला फासा डी८ होतो आणि छोट्या विश्रांतीनंतर सगळे फासे परत मिळतात. तिथून पुढे राखून ठेवण्याला काही कारणच उरत नाही.

अलिबागहून: आमच्यातला एक जण म्हणतो इन्स्पिरेशन तासभर टिकते, दुसरा म्हणतो दहा मिनिटं. खरं कोण?

दोघेही. एकाकडे २०२४चं पुस्तक आहे, दुसऱ्याकडे २०१४चं. २०२४च्या नियमांत इन्स्पिरेशन तासभर टिकते आणि डी२० अपयशी ठरल्याचं कळल्यावर वापरता येते. हीलिंग वर्ड (लांबून बरं करणारा स्पेल, म्हणजे मंत्र) २डी४, म्हणजे चार बाजूंच्या दोन फाशांचा, आणि व्हिशस मॉकरी (शत्रूला बोचरं बोलणं) डी६चं झालं. सॉंग ऑफ रेस्ट (विश्रांतीत जखमा भरणारं गाणं) गेलं. दोन्ही चालतात, पण एका टेबलावर एकच. मिसळ केलीत तर दर फेरीला वाद होईल. या अंकातली सगळी उत्तरं २०१४प्रमाणे आहेत, कारण प्रश्न विचारणारी बहुतेक मंडळी त्याच नियमांनी खेळतात. त्यातला बराच भाग प्रकाशकांनी जानेवारी २०२३मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळा केला. ‘सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.१’ या नावाची ती पीडीएफ फुकट उतरवून घेता येते आणि बार्डचा वर्ग तिच्यात आहे. पैसे भरण्याआधी महिनाभर तिच्यावर खेळून बघा.

दापोलीहून: पहिल्या लेव्हलला आकडे कसे वाटावेत आणि कोणते स्पेल घ्यावेत?

मानव घेतलात तर हिशोब सोपा. ठरावीक आकडे १५, १४, १३, १२, १०, ८. त्यांतला १५ करिश्माला (छाप पाडण्याला), १४ डेक्स्टेरिटीला (चपळाईला), १३ कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणाला). मानवाचा प्रत्येकी एक मिळवला की १६, १५, १४. ताकद ८ ठेवायला हरकत नाही. एचपी, म्हणजे मार सोसायची ताकद, १० आणि चामड्याच्या चिलखतात एसी १३. कुणी कॉन्स्टिट्यूशन १० ठेवून बुद्धी वाढवायला सांगेल, ऐकू नका. कारण खालच्या चिपळूणच्या उत्तरात आहे.

पहिल्या लेव्हलला चार स्पेल माहीत असतात, पण स्लॉट, म्हणजे दिवसभरात ते टाकायच्या संधी, दोनच. हीलिंग वर्ड, स्लीप, फेअरी फायर (शत्रूंना उजळवणारा) आणि हिडीअस लाफ्टर (हसवून लोळवणारा) हे चार कुठल्याही टेबलावर चालतील. बिनस्लॉटचे दोन: व्हिशस मॉकरी हवंच, दुसरं मायनर इल्युजन.

स्लीपबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण पहिल्या दोन लेव्हलला याच्याइतकं भारी दुसरं काही नाही आणि सर्वांत जास्त घोळही यातच होतो. ५डी८ टाकायचे, सरासरी साडेबावीस. निवडलेल्या बिंदूपासून २० फुटांच्या आतले जीव सर्वांत कमी एचपीवाल्यापासून क्रमानं झोपत जातात. प्रत्येकाचे एचपी एकूण आकड्यातून वजा करत जायचं. गॉब्लिनचे एचपी ७. तीन गॉब्लिन म्हणजे २१, म्हणजे सरासरी फासे पडले तर एका स्लॉटमध्ये तिघे आडवे, आणि सेव्हसुद्धा नाही. पण क्रम कमीपासून सुरू होतो हे लक्षात ठेवा. तुमचा फायटर ३ एचपीवर त्यांच्या मध्ये उभा असेल तर सगळ्यांच्या आधी तोच घोरायला लागेल. एल्फ असेल तर वाचला, त्याला जादूनं झोप लागत नाही. झॉम्बी-सांगाड्यांनाही नाही. ओगरचे एचपी ५९, त्याच्यासमोर हा स्लॉट वाया. म्हणून तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला स्लीप बदलून टाका. लेव्हल वाढताना एक स्पेल बदलायची मुभा असतेच.

चिपळूणहून: माझं फेअरी फायर दर वेळी दुसऱ्याच फेरीत मोडतं. शिवाय गेल्या शनिवारी मी सोबत्याला हीलिंग वर्डनं उठवलं आणि त्याच फेरीत स्लीप टाकायला गेले, तर डीएमनं ‘नाही’ म्हटलं. डीएम चुकला ना?

डीएम बरोबर होता. बोनस ॲक्शननं एखादा स्पेल केला की त्या फेरीत दुसरा स्पेल फक्त बिनस्लॉटचा, म्हणजे कँट्रिप, आणि तोही एका ॲक्शनचा. हीलिंग वर्डसोबत व्हिशस मॉकरी चालतं, स्लीप चालत नाही. इन्स्पिरेशन हा स्पेल नाही, त्यामुळे तो दिल्यावर ॲक्शननं कुठलाही स्पेल टाकता येतो. मात्र बोनस ॲक्शन फेरीत एकच, म्हणजे हीलिंग वर्ड आणि इन्स्पिरेशन एकाच फेरीत बसणार नाहीत.

दोन स्लॉट हाती असताना एक लढाई अशी जाते. पहिल्या फेरीत ॲक्शननं फेअरी फायर, बोनसनं रोगला डी६. उजळलेल्या शत्रूंवर सगळ्यांना दोन डी२०पैकी मोठा घेता येतो. दुसऱ्या फेरीत फायटर पडला: बोनसनं हीलिंग वर्ड, १डी४ अधिक ३, म्हणजे तो ४ ते ७ एचपीवर उठला. त्याच्याजवळ जावं लागलं नाही, ६० फुटांवरून शब्द पोचला. ॲक्शन उरली, तिच्यात मॉकरी. फेअरी फायर चालूच आहे, कारण हीलिंग वर्डला कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे स्पेल चालू राहावा म्हणून लक्ष धरून ठेवणं, लागत नाही. तिसऱ्या फेरीपासून स्लॉट संपलेले: मॉकरी आणि उरलेले डी६. लढाईच्या मध्येच बरं करायचं तर सोबती पडल्यावरच करा. अर्धा जखमी असताना ४ एचपी देणं म्हणजे भरतीच्या पाण्यात बांध घालणं.

आता फेअरी फायर मोडण्याचं. कॉन्सन्ट्रेशनवाला स्पेल चालू असताना मार बसला की कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह. लक्ष्य १०, किंवा झालेल्या नुकसानीच्या निम्मं, जे जास्त असेल ते. कॉन्स्टिट्यूशन १४ असेल तर अधिक २, म्हणजे ८ किंवा वर पडायला हवं. शंभरात ६५ वेळा वाचेल. पण एका फेरीत दोन बाण लागले तर दोन्ही सेव्ह जमण्याची शक्यता ४२वर येते. तुमचं मोडतं ते बहुधा यामुळेच: पुढे उभ्या राहता आणि दोनदोनदा मार खाता. भिंतीआड, खांबामागे, निदान फायटरच्या मागे तीसेक फूट. फेअरी फायरचा पल्ला ६० फूट आहे, पुढे जायची गरजच नाही. आणि फेअरी फायर चालू असताना हिडीअस लाफ्टर टाकलंत तर पहिलं आपोआप विझतं. एका वेळी एकच कॉन्सन्ट्रेशन. काही वेळा ‘मोडलं’ म्हणतात ते खेळाडूनं स्वतःच मोडलेलं असतं.

मालवणहून: व्हिशस मॉकरीत शत्रूला शिव्या घालायच्या असतात. आम्ही मालवणीत खेळतो. गॉब्लिनाक मालवणी कळता काय?

कळण्याची अट नाही! शत्रूनं तुमचं ऐकलं पाहिजे आणि तुम्हाला तो दिसला पाहिजे, एवढंच. समजलं नाही तरी चालतं असं नियमात स्पष्ट आहे. ‘मेल्या, ही तलवार आसा काय माडावरचो कोयतो?’ एवढ्यावर, शत्रूचा सेव्ह चुकला तर, १डी४चं नुकसान होतं. खरा फायदा मात्र पुढचा: त्याच्या पुढच्या हल्ल्याला दोन डी२०पैकी लहान आकडा धरला जातो.

तो फायदा कुणावर काढायचा हे महत्त्वाचं. ओगर फेरीत एकदाच सोटा मारतो, पण सरासरी १३चं नुकसान करतो. एसी १६च्या फायटरवर त्याचा सोटा शंभरात ५५ वेळा बसतो. मॉकरी लागल्यावर ३०. शिवाय मॉकरीचा सेव्ह विज्डमचा (शहाणपणाचा), आणि त्याचा विज्डम कच्चा, उणे २. तुमच्या लक्ष्य १३ समोर तो शंभरात ७० वेळा हरतो. याच्या उलट आउलबेअर चोच आणि पंजे असे दोन हल्ले करतो, त्यातला पहिलाच बिघडतो. आणि ड्रॅगनच्या फुत्काराला मॉकरी काही करत नाही, कारण तिथे तो हल्ल्याचा फासा टाकतच नाही, सेव्ह तुम्ही टाकता.

ओळी आधी लिहून ठेवा. जाखडीतल्या शक्ती-तुऱ्याचे सवाल जसे समोरच्याच्या बोलण्यातलाच शब्द पकडून परतवले जातात, तसं शत्रू नुकता काय म्हणाला ते धरलं तर ओळ रंगते. सहा-सात तयार ओळी पुष्कळ झाल्या. दर फेरीला मिनिटभर गाणं म्हटलंत तर चौथ्या फेरीला सगळे म्यूट करतील. आणि शिवी पात्राला, समोरच्या खेळाडूला नाही. ऑनलाइन चेहरा दिसत नाही, कोण खरंच दुखावलं ते कळत नाही.

गुहागरहून: सनई किंवा शिमग्याचा ढोल घेता येईल का? यादीत सगळी परदेशी वाद्यं आहेत.

ढोलाच्या जागी यादीतला ड्रम घ्या: किंमत ६ सोन्याची नाणी, वजन ३ पौंड. सनईचा जवळचा नातेवाईक म्हणजे शॉम, तीही दुहेरी पत्तीची, २ नाणी आणि १ पौंड. नाव सनई ठेवा, डीएम नाही म्हणणार नाही. पेटी यादीत नाही, डीएमला विचारा. ल्यूट ३५ नाण्यांची असते, पण सुरुवातीच्या सामानात एक वाद्य तसंही फुकट मिळतं. एकच मेख: बहुतेक स्पेलना तोंडानं शब्द उच्चारावे लागतात. तोंडात सनई असताना ते कसे म्हणणार, असं खोडसाळ डीएम विचारू शकतो.

कणकवलीहून: भजनात पेटी वाजवतो, तीच खेळताना वाजवावी असं वाटतं. पण डिस्कॉर्डवर सोबत्यांना सूर तुटत तुटत ऐकू येतात, कधी येतच नाहीत. माइक नवा घेऊ का?

माइक घेऊ नका. डिस्कॉर्डची नॉइज सप्रेशनची सोय माणसाचा आवाज ठेवून बाकी सगळं गाळते, आणि तिच्या लेखी लांबलेला सूर म्हणजे पंख्याची घरघर. सेटिंग्जमध्ये व्हॉइसच्या पानावर जाऊन ती बंद करा. इको कॅन्सलेशनही बंद, पण मग इअरफोन घालावाच लागेल, नाही तर सगळ्यांना आपलाच आवाज परत ऐकू येईल. ऑटोमॅटिक गेन कंट्रोलही बंद, नाही तर भाता जोरात आला की आवाज दबतो आणि थांबला की खोलीतली कुजबुज वर येते. माइकची संवेदनशीलता आपोआप न ठेवता हातानं खाली आणा, म्हणजे हळू सूर कापले जाणार नाहीत. माइक पेटीपासून हातभर लांब, भात्याच्या समोर नको.

आणि दोघांनी मिळून वाजवायचा विचार सोडा. आवाज पोचायला लागणारा वेळ थोडा असला तरी तालाला पुरेसा घातक असतो. झांज एका घरातून आणि पेटी दुसऱ्या घरातून जमत नाही. इन्स्पिरेशन देताना दहा-पंधरा सेकंद वाजवा आणि थांबा.

वेंगुर्ल्याहून: पावसात वीज गेली की नेट जातं. कॉल मध्येच तुटतो. बार्ड म्हणून मी नसले की टेबलाचं अडतं.

दोन वेगळ्या अडचणी आहेत. वीज जाते पण फायबर चालू असतं, अशा घरी राउटरपुरता छोटा बॅटरी-बॅकअप पुरतो. बरेच राउटर १२ व्होल्टवर चालतात. राउटरच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून तसाच घ्या. मोबाइल डेटावर यावं लागलं तर व्हिडिओ बंद. डिस्कॉर्डचा आवाज सहसा ६४ केबीपीएसवर असतो, म्हणजे एक जण सलग तासभर बोलला तर सुमारे २९ एमबी. चॅनेलच्या सेटिंगमध्ये बिटरेट कमी केला तर आणखी निम्मा करता येतो.

दुसरी अडचण: नेटच नाही. मग तो मोसम लेखी खेळा. दिवसाला एकदोन संदेश, जसं जमेल तसं. पण लेखी खेळात बार्डची खास गोची होते. सोबत्यानं डी२० टाकला, डीएम ऑनलाइन होता, त्यानं लगेच ‘चुकला’ लिहून टाकलं. इन्स्पिरेशन वापरायची वेळ निघून गेली. यावर उपाय म्हणजे फाशासोबतच अट लिहून ठेवणे: ‘एकूण १२ ते १४ आले तर डी६ मिळव, नाही तर राहू दे.’ ज्याच्याकडे फासा आहे त्या प्रत्येकानं ही ओळ आपल्या संदेशाखाली कायम ठेवावी. तुम्हीही पात्रासाठी चार ओळी पिन करून ठेवा: कुणी पडलं तर हीलिंग वर्ड, नाही तर सर्वांत जोरदार मारणाऱ्यावर मॉकरी, दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट मला विचारल्याशिवाय नको. कॉल तुटला तरी दुसरा कुणी त्यावरून तुमचा डाव चालवू शकेल.

रत्नागिरीहून: आमचा बार्ड सगळीकडे स्वतःच बोलतो. राजा असो की नाविक, करिश्मा त्याचाच जास्त म्हणून. बाकीचे नुसते बसून राहतात.

त्याला हेल्प ॲक्शन दाखवा. ड्वॉर्फ सोबत्याला ड्वॉर्फ लोहाराशी बोलू द्यायचं, बार्डनं हेल्प करायची म्हणजे बोलणाऱ्याला दोन डी२०पैकी मोठा मिळतो. वर आधी दिलेला डी६. एवढं मिळाल्यावर करिश्मा १० असलेलाही बार्डच्या तोडीचा बोलतो. दशावतारात सूत्रधारच सगळे संवाद म्हणू लागला तर राक्षसानं रंग कशाला लावायचा?

राजापूरहून: तिसऱ्या लेव्हलला कॉलेज, म्हणजे बार्डची शाखा, निवडायचंय. लोर की व्हॅलर? सगळे म्हणतात, बार्ड कमजोर, निदान तलवार तरी घे.

बार्ड कमजोर ही समजूत जुनी आहे. १९७८च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये बार्ड परिशिष्टात होता आणि तिथवर पोचायला आधी फायटर आणि मग थीफ व्हावं लागे. आता तो विझार्डइतक्याच स्लॉटचा पूर्ण जादूगार आहे.

टेबलावर पुढे उभं राहणारे दोघे असतील तर लोर घ्या. कुणीच नसेल तर व्हॅलर: मध्यम चिलखत, ढाल, सगळी लढाऊ शस्त्रं आणि सहाव्या लेव्हलला दुसरा हल्ला. लोरला तीन कौशल्यं जास्त मिळतात, सहाव्या लेव्हलला दुसऱ्या कुठल्याही वर्गाचे दोन स्पेल मिळतात, पण मुख्य गोष्ट म्हणजे कटिंग वर्ड्स. शत्रूनं हल्ल्याचा, कौशल्याचा किंवा नुकसानीचा फासा टाकला की रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीला लगेच दिलेलं उत्तर) म्हणून तुमचा इन्स्पिरेशनचा फासा त्यातून वजा. सेव्हमधून वजा होत नाही, इथे बरेच जण फसतात. ज्याला भुरळ पडतच नाही किंवा ऐकू येत नाही, त्याच्यावरही चालत नाही.

ऑनलाइन यात अडथळा एकच. हेही निकाल जाहीर व्हायच्या आत बोलावं लागतं, आणि डीएम एका दमात ‘सतरा, लागला, नऊचं नुकसान’ म्हणून मोकळा होतो. तुमचा ‘थांबा’ त्याच्यापर्यंत पोचेस्तोवर नऊ वजा झालेले असतात. डीएमशी आधी ठरवून घ्या: आकडा म्हणायचा, मनात दोन मोजायचे, मग निकाल. तो विसरत असेल तर चॅटमध्ये आधीच लिहून ठेवा, ‘रोगवर १५ ते १८चा हल्ला आला तर कटिंग वर्ड्स.’ रोगचा एसी १५ असेल तर हा पट्टा बरोबर बसतो. १९पासून पुढे डी६नं वाचवण्याची शक्यता सहापैकी दोन किंवा त्याहून कमी, तिथे फासा घालवू नका.